फॉगलॅम्पची वायर आणि धारूरचा घाट

दिवाळीनंतर कुठेतरी जाऊ, असं आमच्याकडे दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी बारगळतं. यंदा बारगळलं नाही, कारण नितीनने मनावर घेतलं.

नितीन माझा कॉलेजपासूनचा दोस्त. छत्रपती संभाजीनगरात त्याचं मोटारसायकलच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. हेल्मेट, क्रॅशगार्ड, सीटकव्हर, फॉगलॅम्प, सगळं विकतो आणि बसवूनही देतो. मी एका पंपांच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. बायको वैशाली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. आमच्याकडे साडेतीनशे सीसीची एक जरा जुनी, पण नीट ठेवलेली गाडी आहे. तिच्यावर आम्ही दोघं आणि त्याच्या गाडीवर तो एकटा, असा बेत ठरला.

"लोक लडाखला जातात बे," नितीन म्हणाला. "आपण आपला बीड जिल्हा तरी कधी नीट बघितला? कपिलधार, अंबाजोगाई, धारूरचा किल्ला. शेवटचा मुक्काम वहिनींच्या मामाकडं दिंद्रुडला."

वैशालीचं आजोळ दिंद्रुडचं. मामांचं तिथं बी-बियाणं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. बऱ्याच वर्षांत तिचं जाणं झालं नव्हतं, त्यामुळे ती लगेच तयार झाली.

निघण्याच्या आठवड्यात नितीनने माझ्या गाडीला दोन फॉगलॅम्प आणि हँडलवर मोबाईलचा चार्जर बसवून दिला. घाटात लागतील म्हणाला. मजुरी घेतली नाही. मी त्याचे आभार मानले होते, तेही इथं सांगून ठेवतो.

या पोस्टमध्ये फोटो कमी आहेत. ज्यांना फक्त रस्ता आणि राहण्याची माहिती हवी आहे, त्यांना ती मिळेल. बाकीचं ज्यांच्या गाडीला बाहेरून काही बसवून घेतलेलं आहे त्यांनी जरूर वाचावं.

सकाळी थंडीत निघालो. सोलापूरकडे जाणारा हायवे आता इतका गुळगुळीत आहे की गाडीवर डुलकी यावी. पाचोड मागे पडलं, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा सुरू होतो. पुलावरून नदी बघायला थांबू नका, मागून येणारे वाळूचे हायवा टिप्पर कुणासाठी थांबत नाहीत. गेवराईला चहा आणि गरम भजी खाल्ली. स्टँडच्या अलीकडे हायवेला लागून टपऱ्यांची रांग आहे, कुठल्याही टपरीवर चांगलं मिळतं.

खाऊन झालं आणि मी सेल्फ मारला. काही नाही. मीटरसुद्धा पेटेना. चावी बंद-चालू केली, पुन्हा काही नाही.

"सरक," म्हणत नितीन गाडीवर बसला, हँडल सरळ केलं, चावी फिरवली आणि बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली.

"तुझा हातगुण," मी म्हणालो.

"चावी नीट फिरली नसंल," तो म्हणाला. पण पुढची काही मिनिटं तो गाडीभोवती घुटमळत राहिला. हेडलाईटच्या खाली वाकून बघितलं, हाताने काहीतरी चाचपलं. मला वाटलं, माझ्या गाडीची काळजी करतोय.

बीडच्या बायपासवर वळताना मीटरचा दिवा एकदम गेला आणि परत आला. इंजिनाने एक आचका दिला. मागे बसलेल्या वैशालीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं.

"काय झालं?"

"काही नाही, पेट्रोलमध्ये कचरा असेल," मी म्हणालो. कचऱ्याने मीटरचा दिवा जात नाही, हे मला कळायला हवं होतं.

मांजरसुंबा हे चौकाचं गाव. सोलापूर, नगर, अंबाजोगाई, बीड, सगळीकडचे ट्रक इथं थांबतात आणि त्यामुळे ढाबे चांगले चालतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा, वर कच्चा कांदा. दोघांचं जेवण तीनशेच्या आत होतं. बाहेर बाया सीताफळांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. बालाघाटातलं सीताफळ हंगाम संपताना लहान होतं, पण गोडी वाढते. ते नक्की घ्या.

जेवून आलो तर गाडी पुन्हा मेलेली. ढकलून बघितली, तरी नाही. चौकातच एक गॅरेज होतं, तिथं ढकलत नेली. मेकॅनिक पन्नाशीचा, बोलायला कमी. त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, हँडल सरळ केलं, सेल्फ मारला. गाडी सुरू.

"चालू तर हाय," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "काय बघू?"

ज्यांच्या गाडीला असा येणारा-जाणारा फॉल्ट झालाय त्यांना हे दुःख माहीत असेल. दवाखान्यात गेल्यावर दुखणं थांबतं आणि डॉक्टर आपल्याकडे खोटारड्यासारखं बघतो, तसं.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बॅटरीच्या दोन्ही टोकांचे नट आवळले, हेडलाईट लावून बघितला. "बॅटरी बरी दिसती. आता ह्ये फोडून बघावं लागंल," असं म्हणत त्याने हेडलाईटमागची काळी टेप ओढायला हात घातला.

"तिकडं हात लावू नको," नितीन म्हणाला. "ते वायरिंग मी केलंय, नवं आहे. बॅटरीच गेलीय. लोड आला की बसते ती."

"बॅटरी गेल्यावर असं दाखवत न्हाई ओ."

"मी धंदा करतो याचा. बॅटरी टाक."

मेकॅनिकने माझ्याकडे बघितलं. मी नितीनकडे बघितलं. शेवटी मी म्हणालो, टाका. त्याने खांदे उडवले आणि नवी बॅटरी टाकली. मला उलट बरं वाटलं, सोबत जाणकार माणूस आहे म्हणून.

मांजरसुंब्याहून कपिलधार जवळच आहे. रस्ता अरुंद, पण डांबर बरं आहे. मन्मथस्वामींची समाधी, दगडी पायऱ्या आणि कड्यावरून पडणारी धार. पावसाळ्यानंतर धार बारीक होते, पण आवाज खालपर्यंत येतो. वैशाली लहानपणी मामांच्या कुटुंबासोबत इथं यायची. तिने पायऱ्यांवर चप्पल काढून ठेवली, समाधीपुढे बराच वेळ बसली आणि नंतर धारेखाली हात धरून उभी राहिली. त्या दिवसाचा तेवढाच फोटो मी ठेवलाय.

परत आलो तेव्हा गाडी स्टँडवर डावीकडे कलून, हँडल डावीकडे वळवून उभी होती. चावी फिरवली. मीटर मेलेला. मी शिवी हासडली आणि उतरायला लागलो.

"थांब," वैशाली म्हणाली. "हँडल सरळ कर बरं."

केलं. मीटर पेटला.

"आता डावीकडं."

विझला.

तिने मला पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. "सुधीर, सकाळपासून बघतेय मी. गेवराईलाही हँडल वळलेलंच होतं, बायपासवरही तू वळत होतास. कुठंतरी वायर ओढली जातेय."

नितीन आपल्या गाडीवर हेल्मेट चढवत होता. तो हसला. "वहिनी, मागं बसून गाडी कळत नसती. नवी बॅटरी आहे, सेट व्हायला वेळ घेते."

"नवी बॅटरी हँडल वळवल्यावर का बंद पडेल?"

"योगायोग असतो हो."

ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो म्हणून. संध्याकाळ व्हायच्या आत अंबाजोगाई गाठायची होती, त्या दरीत कुठलं गॅरेज असणार, आणि नितीन धंदा करतो याचा. मी म्हणालो, "अंबाजोगाईला बघू." ती हेल्मेटचा पट्टा आवळून मागे बसली.

अंबाजोगाई सुंदर गाव आहे. योगेश्वरीचं देऊळ, गावाबाहेर दरीच्या तोंडाशी मुकुंदराजांची समाधी आणि दगडात कोरलेली हत्तीखान्याची लेणी. मुक्कामाला देवळाजवळचा साधा लॉज घेतला, गरम पाणी सकाळी मिळतं, चादरी स्वच्छ होत्या. यापेक्षा जास्त लिहिता आलं असतं, पण खरं सांगायचं तर ते गाव मी गॅरेजांच्या दारातूनच बघितलं. एकाने स्पार्क प्लग बदलला. दुसऱ्याने चावीच्या स्विचमध्ये स्प्रे मारला. दोन्ही वेळेला नितीन सोबत होता, दोन्ही वेळेला त्यानेच काय करायचं ते सांगितलं, आणि दोन्ही वेळेला गाडी त्यांच्यासमोर व्यवस्थित चालली. मी वैशालीचं हँडलचं म्हणणं दुसऱ्या मेकॅनिकला सांगायला लागलो तर नितीन मध्येच म्हणाला, "ते झालं बघून." कुणीच बघितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धारूर. किल्ला गावाला लागूनच आहे. तटबंदी बरीच शाबूत आहे, आत पाण्याची टाकी आहेत, बुरुजावरून बालाघाटाच्या रांगा दिसतात. सोबत पाणी आणि खायला न्या, आत काही मिळत नाही. आम्ही दुपारी उतरून खाली निघणार होतो. घाट उजेडात उतरायचा असं मामांनी फोनवर बजावलं होतं. "घाट लई वंगाळ हाय. वळणं अंगावर येत्यात, अन् आता उसाचे ट्रॅक्टर चालू झालेत. दिवसाढवळ्या या."

पण गाडी सुरू होईना. या वेळेला हँडल सरळ करूनही होईना. नितीन पुढच्या बाजूला बसून हेडलाईटमागे हात घालून काहीतरी करत राहिला, मी त्याला पाणी आणून दिलं, वैशाली सावलीत दगडावर बसून राहिली. सूर्य खाली गेल्यावर कधीतरी गाडी सुरू झाली. काय केलंस विचारलं तर म्हणाला, "सॉकेट हललं होतं, बसवलं."

"इथंच राहू आज," वैशाली म्हणाली.

"खाली अर्ध्या तासात पोचतो वहिनी. मामा जेवायला थांबलेत."

मी पुन्हा एकदा त्याचंच ऐकलं.

घाट सुरू झाला तेव्हा अंधार पडत होता. रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला झाडं आणि उतार, डांबराच्या कडेला हातभर खोल साईडपट्टी. नितीन पुढे होता. मी हेडलाईटसोबत फॉगलॅम्पही लावले, घाटासाठीच तर बसवले होते. एक-दोन वळणं नीट गेली. पुढचं वळण डावीकडचं होतं. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वर येत होता, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर लोंबत होता. मी हँडल डावीकडे वळवलं आणि सगळं गेलं. इंजिन, हेडलाईट, फॉगलॅम्प, मीटर. समोरच्या ट्रॅक्टरच्या दिव्याने डोळे दिपलेले, आपल्या बाजूला काळोख, आणि आपण त्याला दिसत नाही हे त्याच्या न वळण्यावरून कळत होतं.

मी ब्रेक दाबून कडेला घेतली. पुढचं चाक साईडपट्टीत उतरलं आणि गाडी डाव्या अंगावर पडली. उसाची टोकं माझ्या पाठीला घासून गेली. ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला.

वैशाली पुढे हातांवर फेकली गेली होती, आता उठून बसली होती. उजवा हात पोटाशी धरून. ती रडत नव्हती. रोज लोकांचे हात हातात घेणारी बाई ती, बघूनच म्हणाली, "मनगट मोडलंय. हलवू नकोस."

नितीन वर परत आला. हे मी त्या वेळी बघितलं, पण त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी लागला. तो गाडी लावून धावत आला आणि आधी आमच्या पडलेल्या गाडीपाशी बसला. टाकीच्या पुढच्या टोकाला, हँडलच्या मुळाशी हात घातला. मग उठून आमच्याकडे आला.

ट्रॅक्टरवाल्याने आमच्या मागून घाट उतरणारी एक जीप थांबवली. जीपमधल्या लोकांनी काही न विचारता आम्हाला पुढची सीट दिली आणि थेट माजलगावला दवाखान्यात नेऊन सोडलं. माझी गाडी नितीनने चालवत खाली आणली. ती त्याच्याकडे लगेच सुरू झाली होती. त्याची गाडी घाटातल्या एका हॉटेलपाशी ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या मुलाने आणली.

मनगटाला दोन ठिकाणी तडा. डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं आणि पुढं शहरात दाखवा म्हणाले. दिंद्रुडला पोचलो तेव्हा मामांचं घर जागं होतं. मामींनी वैशालीला हाताने भरवलं. नितीनही जेवला. त्याने दोनदा भात घेतला.

सकाळी वैशाली औषधाच्या गुंगीत झोपलेली होती. मी मामांच्या अंगणात गाडी उभी केली आणि दुकानातून पक्कड, पाने, टेप मागून घेतली. मामा बाजेवर चहा घेऊन बसले. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सारत म्हणाले, "राहू द्या ना जावईबापू. गाडी टेम्पोत घालून दिऊ."

"बघू तर द्या, मामा."

मी इलेक्ट्रिशियन नाही. पण वैशालीचं वाक्य डोक्यात होतं, हँडल वळवलं की जातं. मग जे काही तुटतंय ते हँडलसोबत हलणाऱ्या जागेतच असणार. बॅटरी हलत नाही. प्लग हलत नाही. इतकं साधं होतं ते.

इंडिकेटरचा एक जुना बल्ब घेऊन त्याला दोन वायरी जोडल्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसऱ्याला सुई. सुई ज्या वायरीत टोचाल तिच्यात करंट असेल तर बल्ब पेटतो. बॅटरीकडून चावीच्या स्विचकडे येणारी जाड वायर शोधली. टाकीखाली टोचलं, बल्ब पेटला. हँडल डावीकडे वळवलं, पेटलेलाच राहिला. मग पुढे सरकत स्विचच्या अगदी जवळ टोचलं. हँडल सरळ असताना पेटला, डावीकडे नेल्यावर विझला.

म्हणजे तुटतंय ते या दोन जागांच्या मधे. आणि या दोन जागांच्या मधे काळ्या टेपचा एक जाड गठ्ठा होता. प्लास्टिकच्या पट्टीने फ्रेमला करकचून बांधलेला, इतका की हँडल वळलं की सगळा ताण त्याच्यावरच यावा.

टेप सोडवली. वरची टेप नवी कोरी होती, खालची जुनी. खाली गाडीच्या मुख्य वायरीचं प्लास्टिक ब्लेडने सोललेलं, तिच्याभोवती फॉगलॅम्पची वायर नुसती पीळ देऊन गुंडाळलेली. सोल्डर नाही. मधे फ्यूज नाही. रिले नाही. रिले असता तर फॉगलॅम्पने बॅटरीतून स्वतंत्र वायरीने करंट घेतला असता. इथं सगळा भार गाडीच्या त्याच एका वायरीवर टाकलेला. ब्लेडने तिच्या अर्ध्याअधिक तारा कापल्या गेल्या होत्या, उरलेल्या तापून काळ्या पडल्या होत्या. दोन-चार तारांवर सगळी गाडी चालत होती. फॉगलॅम्प लावले की त्या तापायच्या, हँडल वळलं की सुटायच्या.

नितीन तोंडात ब्रश घेऊन अंगणात आला आणि जागीच थांबला.

"वरची टेप कधी लावलीस?" मी विचारलं.

तो चूळ भरून आला. "काल. किल्ल्यावर."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"डाउट होता."

"कधीपासून?"

तो मामांकडे बघायला लागला. मामांनी कप खाली ठेवला होता.

"गेवराईला वाटलं," तो म्हणाला. "मांजरसुंब्याला खात्री झाली. दोन-तीन कस्टमरच्या गाड्या परत आल्यात अशा. दुकानातल्या पोरानं फिटिंग केली होती, मी नव्हती केली."

"तिथं तर मी केलंय म्हणालास. मग बॅटरी कशाला टाकायला लावलीस?"

"त्या मेकॅनिकसमोर काय सांगू? वहिनींसमोर? म्हटलं घरी गेल्यावर गुपचूप करून देईन नीट. चार दिवस निघतील असं वाटलं बे."

"तिनं हँडल वळवून दाखवलं होतं तुला."

तो हातातला ब्रश झटकायला लागला.

मामा आवाज न चढवता म्हणाले, "पाव्हणं, आमच्या पोरीला मागं बसवून घाटात पाठवलं तुमी. त्याच्या आधी कावून सांगितलं न्हाई? यवढंच सांगा."

"मला वाटलं नव्हतं असं होईल."

"वाटलं न्हाई," मामा म्हणाले. मग आत बघून हाक मारली, "अगं, ह्यांचा च्या आण." आणि नितीनला म्हणाले, "च्या पिऊन घ्या. तुमची गाडी आलीय दारात. निघा तुमी."

चहा येईपर्यंत मी त्याला एकच गोष्ट सांगितली. वैशालीचं झालं ते झालं. पण ज्यांना ज्यांना अशी फिटिंग करून दिलीय त्यांना फोन कर आणि गाड्या परत बोलव.

"किती जणांना करू? सगळ्यांना सांगू का माझं काम कच्चं आहे म्हणून? दुकानाचं नाव जाईल."

"कुणाचा जीव जाईल."

"तू जास्तच ताणतोयस आता," तो म्हणाला. चहा न घेताच निघाला. वैशाली झोपेतून उठलीही नव्हती. तिला भेटून जावं असं त्याला वाटलं नाही, की भेटायची हिंमत झाली नाही, माहीत नाही. मला त्यात आता फरक वाटत नाही.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी दुरुस्ती सांगतो. बॅटरीची वायर आधी काढा. काळी पडलेली वायर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा मधे घाला, दोन्ही जोड सोल्डर करा, वरून तापवून आवळणारी नळी चढवा. नंतर हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, वायरीला कुठंच ताण यायला नको. फॉगलॅम्प मी काढून टाकले. मामा म्हणाले टाकून द्या, मी दिले टाकून.

वैशालीला मामांचा मुलगा कारने घेऊन गेला. मी गाडीवर एकटाच निघालो. माजलगावच्या धरणाचं पाणी रस्त्यावरून दिसतं, कडेला पक्षी बसलेले असतात, थांबण्यासारखी जागा आहे. मी थांबलो नाही. गेवराईच्या अलीकडे रस्ता खराब आहे, खड्डे टाळत सावकाश जा. गाडी घरापर्यंत एकदाही अडखळली नाही. मला तिचाच राग येत होता. वैशालीचा हात शाबूत असताना ती अशी चालली असती, तर आम्ही चौघं, म्हणजे मामा धरून, काल अंगणात बसून जेवलो असतो.

घरी आल्यावर नितीनचा एक मेसेज आला. बॅटरीचे पैसे देतो म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. कॉलेजच्या ग्रुपमधल्या ज्या लोकांनी त्याच्याकडून काम करून घेतलं होतं त्यांना मी स्वतः फोन केले. काहींनी गाड्या उघडून बघितल्या. एक जण म्हणाला, तुमचं भांडण आहे, आम्हाला कशाला मधे ओढता. महिन्याभराने दुकानावरून गेलो तेव्हा बाहेर नवी पाटी होती: रिलेसह सुरक्षित फिटिंग. त्याचा दर वेगळा होता.

वैशालीचं प्लास्टर निघालं. हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही आणि जोर लावला की हात थरथरतो. थरथरत्या हाताने कुणाच्या शिरेत सुई घालता येत नाही. लॅबने तिला काढलं नाही, पुढच्या काउंटरवर बसवलं. नाव विचारायचं, पावती करायची. घरी ती यावर बोलत नाही. फक्त गाडीवर मागे बसत नाही आता. मीही आग्रह करत नाही. मला अजून तिला म्हणता आलेलं नाही की कपिलधारला मी तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणेल, माहीत आहे मला.

मागच्या आठवड्यात नितीन त्याच्या वडिलांना घेऊन तिच्या लॅबमध्ये आला. काकांना साखर आहे, शिरा बारीक आहेत, आणि इतकी वर्षं त्यांचं रक्त वैशालीच काढायची. काका काउंटरपाशी येऊन बाही वर करू लागले.

"पोरी, तूच घे. बाकीचे नुसते टोचत बसत्यात."

"काका, माझा हात मोडला होता. आता नीट चालत नाही. आत दुसरी मुलगी आहे, ती घेईल."

"अगं, कसा मोडला?"

"गाडीवरून पडले."

काका वळून नितीनला म्हणाले, "अन् तू बोलला न्हाईस मला?"

नितीन मोबाईलमध्ये बघत होता. वैशालीने काकांची पावती केली आणि त्यांना आत पाठवलं. मुलीला शीर सापडायला वेळ लागला. काकांचं कण्हणं बाहेर ऐकू येत होतं आणि दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभी होती.

हे तिने मला रात्री जेवताना सांगितलं. मी विचारलं, "मग त्याला काही बोललीस की नाही?"

"बोलले ना," ती म्हणाली. "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणाले."